कॅनडाच्या क्युबेक प्रांतात जिथे-तिथे दिसणारं ‘त्रांब्ले’ हे फ्रेंच आडनाव मूळचं कुठलं?

कॅनडातले बहुतेक सगळे त्रांब्ले एकाच माणसाचे वंशज आहेत: फ्रान्सच्या पेर्श भागातल्या रांदोने गावचा पियेर त्रांब्ले. १६४७ मध्ये तो शेतमजूर म्हणून जहाजानं क्युबेकला आला, १६५७ मध्ये ओझान आशों हिच्याशी लग्न केलं आणि त्यांना बारा मुलं झाली. हे इतकं ठामपणे सांगता येतं, कारण तिथल्या चर्चनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी जवळजवळ सलग जपल्या आहेत. या घराण्याची पुढची वाटचाल अशी: आधी क्युबेक शहराजवळ, मग सेंट लॉरेन्स नदीच्या काठानं शार्लव्वा भागात, आणि १८३८ पासून जंगलतोडीच्या निमित्तानं सागने भागात. तिथे त्रांब्ले इतके झाले की ओळखायला टोपणनावं जोडावी लागली. सागनेत वसाहत करणाऱ्यांपैकी एक होता अलेक्सी त्रांब्ले ‘पिकोते’, म्हणजे तोंडावर व्रण असलेला! अमेरिकेत गेलेल्यांचं स्पेलिंग बदलून ट्रॉम्बली वगैरे झालं.

अर्थ विचाराल तर ‘त्रांब्ल’ हे एक झाड. जरा झुळूक आली की पिंपळासारखी पानं थरथरतात, म्हणून ते नाव. त्या झाडांची राई ती त्रांब्ले. आपल्याकडे पिंपळगावकर असतात, तसंच.

फक्त एक लक्षात घ्या: फ्रान्समध्ये त्रांब्ले नावाची गावं बरीच आहेत. त्यामुळे तिथला त्रांब्ले भेटला तर तो पियेरच्याच घराण्यातला असेल असं धरू नका.