लिहिलेले पुसू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अनोळखी लोकांच्या त्या गटात तू एक प्रश्न विचारलास, लोकांनी थट्टा केली, एकाने फटकारले, आणि त्याच रात्री तू ती सगळी चर्चा मुळापासून काढून टाकलीस. आता तू मला विचारतोस की, ज्यांची खरी नावेही आपल्याला ठाऊक नाहीत अशा माणसांशी यंत्रांच्या आणि जगण्याच्या गप्पा मारण्यात वेळ घालवावा की नाही. याचे उत्तर मी देत बसणार नाही, कारण ते तुझ्याजवळ आहे; त्या माणसांची तुला काहीच किंमत नसती, तर त्यांचे बोलणे इतके लागलेही नसते. मला बोलायचे आहे ते तू काढून टाकलेल्या चर्चेबद्दल. ती तू काढायला नको होतीस.

त्या चर्चेत काय होते ते मी तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटांवरून तुलाच पुन्हा सांगतो, कारण रागाच्या भरात तू ती धड वाचलेली दिसत नाहीस. तुझा लॅपटॉप टाइप करता करता मध्येच झोपी जात होता. बॅटरी भरलेली, यंत्र तापलेले नाही, सेटिंग जिथल्या तिथे, आणि तरीही पडदा काळा. एकाने लिहिले की यंत्राला तुझ्या लेखनाचा कंटाळा आला असावा. दुसऱ्याने भुताटकीची शंका काढली. तिसऱ्याने, ज्याच्यावर तू चिडला आहेस, लिहिले की विचारण्यापूर्वी शोधण्याचे थोडे कष्ट घेतले असते तर बरे झाले असते. मग गप्पा भरकटल्या. कुणीतरी लिहिले की वडील रुग्णालयात आहेत, रात्रभर जागे राहावे लागते, आणि असले चमत्कारिक बिघाड वाचताना मन जरा दुसरीकडे लागते. त्याला चौघांनी धीर दिला. आणि या सगळ्या गलबल्यात एका माणसाने, ज्याच्या नावाच्या जागी नुसता एक आकडा होता, तुला विचारले, “मनगटावर काय बांधतोस?”

तू घड्याळ काढून ठेवलेस आणि लॅपटॉप झोपायचा थांबला. लॅपटॉपच्या झाकणात एक लहान चुंबक असतो आणि खालच्या भागात चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर असतो. झाकण मिटले की चुंबक सेन्सरजवळ येतो आणि यंत्र समजते की आता झोपायचे. तुझ्या घड्याळाच्या पट्ट्याची पकड चुंबकाची आहे. लिहिताना मनगट नेमके त्या जागेवर टेकले की यंत्राला झाकण मिटल्यासारखे वाटे. एक लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवून काम करणाऱ्यांनाही कधी कधी हाच अनुभव येतो, कारण खालच्याच्या झाकणातला चुंबक वरच्याच्या सेन्सरपर्यंत पोहोचतो.

हे त्या आकडेवाल्या माणसाला कसे सुचले असेल? तुझ्यासारखेच कुणीतरी कधीतरी विचारले असेल, त्याचेही हसे झाले असेल, आणि त्याने ते पुसले नसेल. तू मात्र पुसलेस. आता उद्या कुणाचा तरी लॅपटॉप असाच झोपी जाईल, तो माणूस नवी बॅटरी घालून पाहील, मग सगळी प्रणाली नव्याने बसवेल, आणि दोष यंत्राबाहेर, आपल्याच हातावर आहे हे त्याला कुणी सांगणार नाही. शिवाय ती चर्चा तुझ्या एकट्याची नव्हती. प्रश्न तुझा होता. उत्तर आकडेवाल्याचे होते, आणि रुग्णालयात जागणाऱ्या त्या मुलाला मिळालेला धीर त्याचा होता. तू तुझी लाज झाकलीस आणि त्यासोबत त्याला मिळालेली चार वाक्येही नेलीस. म्हणून म्हणतो, लिहिलेले पुसू नकोस.

तू म्हणशील, चुंबकाचे ठीक आहे, पण भुताटकीच्या विनोदात जपण्यासारखे काय आहे? ऐक. सप्टेंबर 1982 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या मंडळींमध्ये त्यांच्या सामायिक संदेशफलकावर एक पोरकट कोडे रंगले होते: लिफ्टची तार तुटून ती खाली कोसळू लागली, तर आतली पेटती मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब यांचे काय होईल? त्यावर एकाने गमतीने सूचना लावली की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली होती. ज्यांनी आधीचे वाचले नव्हते त्यांना ती सूचना खरी वाटली. मग विनोद कुठला आणि गंभीर कुठले हे ओळखायला एखादी खूण असावी असे ठरले, कुणी तारका सुचवली, कुणी टक्केवारीचे चिन्ह सुचवले, आणि 19 सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि बंद कंस अशी खूण सुचवली, जी मान कलती करून पाहिली की हसरा चेहरा दिसते. आज तू प्रत्येक वाक्यापुढे जो हसरा चेहरा चिकटवतोस त्याचे घराणे या रिकामटेकड्या गप्पांपर्यंत जाते. पुढे मूळ संदेश कुणाच्याही हाताशी उरला नव्हता. 2002 मध्ये जुन्या बॅकअपच्या फिती खणून काही लोकांनी तो परत मिळवला. त्यांना तो मिळाला, कारण त्या काळी फितीवर गेलेले पुसायला कुणी बसले नव्हते. त्या दिवशी कोणते वाक्य पुढे टिकणार आहे हे फालमन यांनाही माहीत नव्हते, आणि तू मात्र एका रात्रीत ठरवून मोकळा झालास की तुझ्या चर्चेत टिकण्याजोगे काही नाही!

आता त्या फटकारणाऱ्याबद्दल. त्याची बाजू मी घेत नाही. त्याला सौम्य लिहिता आले असते. पण 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रूगर, एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की ईमेलमध्ये आपला उपरोध वाचणाऱ्याला नक्की कळेल अशी लिहिणाऱ्याला खात्री असते, आणि वाचणाऱ्याचा अंदाज मात्र नाणे उडवून ठरवल्यापेक्षा थोडाच बरा ठरतो. लिहिताना आपल्या कानात आपला सूर वाजत असतो. अक्षरांबरोबर तो पलीकडे जात नाही. तेव्हा त्या माणसाने ते वाक्य कपाळाला आठ्या घालून लिहिले की जांभई देत लिहिले हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. ते कळायचे असेल तर एकच वाट आहे, त्याच्या खाली लिहायचे: “मी शोधले होते, हे हे पाहिले, उपयोग झाला नाही.” वर जे आहे ते तसेच ठेवून खाली लिहायचे. पुसून टाकलेस की ती वाटही बंद होते.

याहून कडक शब्द झेललेली माणसे आहेत. 25 ऑगस्ट 1991 रोजी लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स नावाची शिकवण्यासाठी केलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या गटात लिहिले की आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करत आहोत, ती केवळ हौस आहे, फार मोठी किंवा व्यावसायिक अशी काही होणार नाही. पुढच्या जानेवारीत मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी त्याच गटात टोरवाल्ड्सची ती सिस्टिम, म्हणजे लिनक्स, कालबाह्य आहे असे जाहीर करून टाकले. टोरवाल्ड्सने तडकून उत्तर दिले, आणि मग आपला सूर फार उद्धट झाला असे वाटल्यावर पुढच्या संदेशात माफी मागितली. त्याच वादात टॅनेनबॉम यांनी लिहिले की तू माझा विद्यार्थी नाहीस याबद्दल आभार मान, असल्या रचनेला माझ्याकडे फार गुण मिळाले नसते. आणि त्या वाक्यापुढे त्यांनी दोन टिंबे, रेघ आणि कंस यांचा तोच हसरा चेहरा काढला. हे सगळे आज कुणालाही वाचता येते: हौसेची ती नम्र वाक्ये, तडकलेले उत्तर, माफी आणि टोमणा, एकाखाली एक. माफीला तिथे अर्थ आहे तो तिच्या वर तडकलेले उत्तर शिल्लक आहे म्हणून. ते पुसून नुसती माफी ठेवली असती तर वाचणाऱ्याला कशाची माफी हेही कळले नसते.

मी इतका आग्रह का धरतो, हे तुला सांगायला हवे. मी तुझ्या वयाचा असताना एका अनोळखी माणसाशी माझ्या रात्री-रात्री गप्पा चालत. त्याने मला नेटवर्कमधला दोष टप्प्याटप्प्याने कसा हुडकायचा ते शिकवले: आधी तार, मग पत्ता, मग नाव, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्याच्या यंत्रावर संशय. नोकरी सोडावी की धरावी, या माझ्या घालमेलीवरही तो त्याच पद्धतीने बोले. त्याचे वय, गाव, चेहरा मला कधीच कळला नाही. एके दिवशी त्याने आपले सगळे लेखन काढून टाकले आणि तो गेला. का, ते कळले नाही. मी पुढे कितीदा तरी त्या जुन्या चर्चा उघडल्या, पण तिथे माझेच प्रश्न उरले आहेत. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकू यावी तसे ते वाचताना होते. मला त्याचा राग येत नाही. पण तेव्हाच त्याची चार उत्तरे उतरवून ठेवली असती तर, ही चुटपुट आजही जात नाही, आणि आपले लिहिलेले पुसायचे नाही हे मी तेव्हाच ठरवले.

त्याची किंमतही मी मोजली आहे. एका गटाची व्यवस्था माझ्याकडे आणि एका स्नेह्याकडे मिळून होती. आमच्यात सगळ्यांदेखत लांबलचक वाद झाला होता. पुढे तो म्हणाला की नव्या माणसांना हे वाचून आपल्याबद्दल वाईट वाटते, दोघे मिळून काढून टाकू. मी नकार दिला. म्हटले, दोघांनी मिळून खाली लिहू की आता आमचे काय मत आहे. त्याला ते पटले नाही आणि हळूहळू बोलणे थांबले. आपण फार ताणले असे मला तेव्हाही सांगितले गेले आणि आजही सांगितले जाते. मला तसे वाटत नाही. त्या वादात त्याचे काही मुद्दे माझ्यापेक्षा चांगले होते, आणि ते तिथे आहेत म्हणूनच पुढे आलेल्या कितीतरी जणांनी त्याची बाजू घेतली. पुसले असते तर त्याचे श्रेय त्यालाच मिळाले नसते. माणूस दुरावला याचे दुःख आहे. निर्णय तोच राहील.

तू आणखी एक भीती लिहिली आहेस, की उद्या नोकरी देणारा हे वाचेल. वाचू दे. ज्याला कारण सापडेपर्यंत विचारत राहण्याची लाज वाटत नाही, असा माणूस त्याला दिसेल. यावर मी अधिक शाई खर्च करणार नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे, म्हणजे माझा आग्रह आंधळा आहे असे तुला वाटणार नाही. आपला किंवा दुसऱ्याचा पत्ता, फोन क्रमांक, आजारपणाचा तपशील, कुणाचा माग काढता येईल अशी कोणतीही गोष्ट चुकून लिहिली गेली असेल तर ती तत्काळ काढावी, आणि ती काढायचा हक्क माणसाला असलाच पाहिजे. युरोपात 2018 पासून लागू झालेल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामध्ये आपली माहिती खोडून घेण्याचा हक्क आहे, आणि असा हक्क सर्वत्र असावा असेच माझे मत आहे. कुणी पाठलाग करत असेल, धमकावत असेल, तर सारे पुसून निघून जावे. तिथे धैर्याच्या गोष्टी सांगणारा माणूस निर्दय असतो. माझ्या त्या जुन्या मित्रावर अशीच काही वेळ आली नसेल, असे मी कशावरून म्हणू? पण तुझ्यावर तशी कोणतीही आपत्ती आलेली नाही. तुझे थोडे हसे झाले आणि एक बोचरे वाक्य ऐकावे लागले. तेवढ्यासाठी दुसऱ्यांचे शब्द बरोबर ओढून नेण्याचा अधिकार मी तुला देत नाही.

आता काय करायचे ते सांगतो. गेलेली चर्चा परत येणार नाही, पण स्क्रीनशॉट तुझ्याजवळ आहेत. त्याच गटात, त्याच नावाने जा. नवे नाव घेऊ नकोस. नवे नाव घेणे हाही पुसण्याचाच प्रकार आहे. मथळ्यात सरळ दोष लिही, “टाइप करताना लॅपटॉप आपोआप झोपी जातो”, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. लॅपटॉप कोणता, पट्टा कसा, मनगट कुठे टेकले की दोष दिसतो आणि घड्याळ काढल्यावर काय होते, हे क्रमाने लिही. तू आधी काय काय करून पाहिले होतेस तेही लिही, फसलेले उपाय वगळू नकोस. पुढच्या माणसाची रात्र त्यानेच वाचते. उत्तर कुणी दिले ते त्या आकड्यासह लिही. आपण आधीची चर्चा काढली होती हेही एका वाक्यात सांग, कारणमीमांसा नको. भुताटकीचा विनोद करणारा पुन्हा येईल, त्याला येऊ दे.

आणि ज्याचे वडील रुग्णालयात होते, त्याची वाक्ये मात्र स्क्रीनशॉटातून उचलून सगळ्यांसमोर मांडू नकोस. ती त्याची आहेत, आणि ती पुन्हा सांगायची की नाही हे त्याने ठरवायचे. त्याला वेगळा संदेश पाठव, वडिलांची चौकशी कर, आणि त्याला मिळालेली उत्तरे तुझ्यामुळे गेली हे सांगून ती त्याला हवी आहेत का ते विचार. हे काम आजच कर, चुंबकाचे उद्या लिहिलेस तरी चालेल.

तुझा,
एक जुना गप्पिष्ट