पिशवीभर दगड आणलेत तर रंगवायची घाई करू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. कांदिवलीचा वन बीएचके, भंडारदरा आणि अलिबागहून गोळा केलेले पिशवीभर दगड, सासूबाई म्हणतायत टाकून दे, आणि तुम्ही विचारताय की सगळ्यांवर ॲक्रिलिकने गुलाबी फुलं रंगवून वर चकचकीत वॉर्निश मारू की ऑनलाइन क्रिस्टल मागवू. मी बरीच वर्षं या नादात आहे म्हणून स्पष्टच सांगते, सगळे रंगवू नका प्लीज, आधी नीट बघा तरी काय आणलंय ते.

पहिल्यांदा धुवा. अलिबागचे वेगळे काढा, ते साध्या पाण्यात भिजत ठेवायचे आणि पाणी रोज बदलायचं, चार-पाच दिवस तरी, कारण आत मीठ असतं आणि ते नंतर सुकून पांढरं वर येतं, वॉर्निश मारलेलं असलं तरी येतंच आणि वॉर्निश पोपडे धरतं. नदीचे दगड जुन्या टूथब्रशने घासले की झालं. मग पूर्ण सुकू द्या. ओला दगड कुणालाही आवडतो हो, काळाभोर दिसतो, आणि तोच लुक टिकवायला लोक वॉर्निश नाहीतर खोबरेल तेल लावतात, तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात दगड चिकट कळकट दिसायला लागतो. सुकल्यावरही जो हातात घ्यावासा वाटतो तो ठेवायचा.

आता रात्री ट्यूबलाइट बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च दगडाच्या बाजूने, अगदी आडवा धरा. वरून नाही, वरून मारला की सगळं सपाट दिसतं. भंडारदऱ्याच्या काळ्या दगडांत एखादा तरी पांढऱ्या ठिपक्यांचा असेल, तो शोधा. ठिपके गोल नसतात बहुतेक, जरा लांबुळके असतात आणि पुष्कळदा एकाच दिशेला ओढल्यासारखे. काहींच्या कडेला हिरवट रेघ असते. आणि एखादा ठिपका अर्धा पोकळ असतो, त्यात भिंगातून बघा, आत साखरेच्या कणांएवढे स्फटिक उभे असतात आणि टॉर्च हलवला की एकेक चमकतो. साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यातले वायूचे बुडबुडे थिजताना तसेच राहिले, लाव्हा वाहत होता म्हणून ते लांबट झाले, आणि मग कितीतरी काळ पाणी झिरपत झिरपत त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ असली खनिजं भरत गेली. अंधेरीची गिल्बर्ट हिल, ते उभे काळे खांब, तीही याच लाव्हाची. ह्याच्यावर तुम्ही गुलाबी फुलं काढणार होतात!

सासूबाईंना पटवायचं असेल तर देव्हारा दाखवा. पंचायतनात शाळिग्राम, शंकर म्हणून नर्मदेतला बाण, गणपती म्हणून लाल शोणभद्र, हे सगळे न घडवलेले दगडच की, नदीने जसे दिले तसे पूजेला बसवले. जपानी लोकांची सुइसेकी नावाची कलाच आहे, नैसर्गिक दगड निवडायचा आणि त्याच्या बुडाच्या आकाराची लाकडी बैठक कोरून त्यावर, नाहीतर उथळ तबकात रेतीवर मांडायचा. तुम्हाला हेच करायचंय. सुताराकडे सागाचा तुकडा द्या, दगड त्यावर ठेवून पेन्सिलने कड आखा आणि तेवढी खाच पाव इंच खोल काढून घ्या. दगड हलायला नको, बास. काचेच्या शेल्फवर ठेवणार असाल तर बैठकीखाली फेल्ट चिकटवा.

मांडताना एका शेल्फवर एक. फार तर दोन. पाच ठेवलेत की कुठलाच दिसत नाही.

रंगसंगतीसाठी एकदा फोर्टला जाऊन म्युझियमची, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत बाहेरून सावकाश बघा. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचाच दगड, आणि मालाडचा पिवळसर दगड, दोन्ही मुंबईतलेच, आणि काय शोभतात एकमेकांना. घरातही काळ्या दगडामागे तसाच फिकट पिवळसर रंग द्या, एकच भिंत पुरते, आणि बाजूने वॉर्म लाइट. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर बेसॉल्ट नुसता डाग दिसतो, असं माझं मत.

क्रिस्टल घ्यायचेच असतील तर आपल्याकडचे घ्या ना. नाशिक, जळगाव, पुणे या भागातल्या खाणींत आणि विहिरी खणताना जे ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट नावाचे स्फटिक निघतात त्यासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, घ्यायच्या आधी तिथे जाऊन या म्हणजे चांगला नमुना कसा असतो ते डोळ्यांत बसेल. फक्त हे नाजूक असतात, ॲपोफिलाइटचे सरळ पापुद्रे सुटतात, तेव्हा ॲसिड, गरम पाणी काही नको, मऊ ब्रशने धूळ काढायची. ऑनलाइन ज्या भडक गुलाबी निळ्या अकीकच्या (ॲगेटच्या) चकत्या दिसतात त्या रंगवलेल्या असतात, खरा अकीक करडा, तपकिरी, फार तर लालसर. ॲमेथिस्ट घेतलात तर उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, जांभळा रंग उडतो.

रंगवायची हौसही भागवा, पण ज्यांत ठिपका, रेघ, आकार काहीच नाही त्या गुळगुळीत चपट्या दगडांवर. काळ्यावर नुसत्या पांढऱ्या रेषा उठून दिसतात, वॉर्निश मॅट वापरा. बारके खडे बॉक्स फ्रेममध्ये बसवायचे असतील तर फेव्हिकॉलवर विसंबू नका, दोन ट्यूबवालं अराल्डाइट घ्या.

आणि पुढच्या वेळी नॅशनल पार्क, गिल्बर्ट हिल, किल्ले, लेणी इथून खडासुद्धा उचलायचा नाही. मालवणकडे किनाऱ्यावर पांढरं जाळीदार काही सापडलं तर ते प्रवाळ असू शकतं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, मेलेलं असलं तरी तिथेच राहू द्या. त्या ठिपक्यांच्या दगडाचा टॉर्च मारून काढलेला फोटो मात्र टाका, कुठला स्फटिक आहे ते बघून सांगते.