निवृत्तीनंतर छंदांत गुंतून राहूनही दमछाक होत असेल, तर स्वतःची गती कशी शोधावी?

आपण लिहिले आहे की निवृत्त होऊन आठ महिने झाले, पाच छंद सुरू केले, दिवस भरलेला असतो. तरीही सगळे पार पडले तर दमायला होते आणि एखादी गोष्ट राहून गेली तर आळशीपणाची टोचणी लागते. मी सात वर्षांपूर्वी हिशेब विभागातून निवृत्त झालो आणि पहिले दीड वर्ष नेमके याच अवस्थेत काढले, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते आपल्या छंदांत खोट नाही. नोकरीत कामाला जी पट्टी लावायची सवय जडली, तीच आपण छंदांना लावत आहात, आणि ती पट्टी नुसती ठरवून हातातून सुटत नाही. माझ्या हातून ती सुटली ती अशा दोन छंदांमुळे, ज्यांना माझ्या घाईची काहीच पर्वा नव्हती.

निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी चौकटीच्या कागदावर वेळापत्रक आखले होते. सकाळी फिरणे, नऊ वाजता नवी भाषा, अकराला रेखाटन, दुपारी वाचन, चारला वाद्य, संध्याकाळी बुद्धिबळ. शनिवारी मी ठरवलेले तास आणि प्रत्यक्ष झालेले तास यांचा ताळमेळ घालत असे, आणि त्या कागदावर ‘तूट’ नावाचा एक रकाना होता, हे आज सांगताना मलाच हसू येते. कोणीही मागितलेला नसताना मी दर आठवड्याला माझ्याच विरुद्ध अहवाल तयार करत होतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅचली यांनी 1970 च्या दशकात निवृत्तीचे जे टप्पे मांडले, त्यांत सुरुवातीच्या उत्साहानंतर भ्रमनिरासाचा आणि त्यानंतर नव्याने घडी बसवण्याचा टप्पा येतो. सर्वांनाच हे टप्पे याच क्रमाने भेटतात असे नाही. पण आठव्या महिन्यात आपल्याला जे वाटते आहे ते जगावेगळे नाही, एवढे त्यावरून नक्की समजावे.

माझी घडी बदलली ती पुस्तकबांधणीमुळे. जुनी, शिवण सुटलेली पुस्तके दुरुस्त करायची म्हणून मी हे काम हाती घेतले आणि पहिली चार पुस्तके बिघडवली, कारण मला प्रत्येक पुस्तक एका बैठकीत संपवायचे होते. खळ लावलेला कागद ओलाव्याने आडवा पसरतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून वाकवतो. म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही कागद चिकटवून ती ओढ तोलावी लागते आणि पुस्तक पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे निदान रात्रभर, वजनाखाली दाबून ठेवावे लागते. कागदातील तंतूंची दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर आहे की नाही हे आधी पाहिले नाही, तर पाने कधीच नीट उलटत नाहीत. या कामात हाताला वेग येतो, पण खळीला येत नाही. एक टप्पा झाला की पुस्तक दाबात ठेवायचे आणि उठायचे, कारण त्या दिवशी करण्यासारखे काही उरलेलेच नसते. चाळीस वर्षांत प्रथमच मला दुपारी तीन वाजता काम थांबवण्याचे रास्त कारण मिळाले होते.

दुसरा छंद आकाशाचा, आणि आपल्या प्रश्नातील ‘गती’ या शब्दाशी त्याचा संबंध अधिक थेट आहे. मी रूपविकारी तारे पाहतो, म्हणजे ज्यांची तेजस्विता बदलत राहते असे तारे. ययाति तारकासमूहातील अल्गॉल हा त्यांतला सर्वांत सोयीचा. तो प्रत्यक्षात परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी असून, मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याचे तेज साधारण एक तृतीयांशावर येते. उतरण आणि चढण मिळून सुमारे दहा तास लागतात. जवळच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून नुसत्या डोळ्यांनी अंदाज करायचा आणि वेळेसह वहीत नोंदवायचा, एवढेच काम. तीन दिवसांना सुमारे तीन तास कमी अशा या अंतरामुळे मंदीची, म्हणजे तेज सर्वांत कमी होण्याची, वेळ दर खेपेला तीन तासांहून थोडी अधिक अलीकडे सरकते : आज पहाटे चारच्या सुमारास असेल तर तीन दिवसांनी मध्यरात्रीनंतर एकच्या आसपास, पुढच्या खेपेला रात्री साडेनऊच्या सुमारास. आरंभी मी सर्व वेळांना गजर लावून उठत असे. आता फक्त मध्यरात्रीआधीची मंदी पाहतो; बाकीच्या वेळा तो तारा माझ्याशिवाय उत्तम पार पाडतो. उलट तिमिंगल समूहातील मायरा हा तारा एका आवर्तनाला सुमारे 332 दिवस घेतो आणि त्यातला बराच काळ नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. त्याच्या बाबतीत आठवड्याला एक नोंद भरपूर झाली.

याच ओघात एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दुर्बीण विकत घेताना ती कोणी सांगत नाही. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, तोवर गुपचूप बसून राहावे. तसेच वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही, पुष्कळांची पाच मिलिमीटरच्या आसपासच उघडते. त्यामुळे 7×50 च्या, म्हणजे सातपट वर्धन आणि 50 मिलिमीटर रुंद भिंग असलेल्या, बायनॉक्युलरमधून बाहेर पडणाऱ्या सात मिलिमीटर रुंदीच्या प्रकाशझोतातला बराच भाग वाया जातो, तर 10×50 मधून येणारा पाच मिलिमीटरचा झोत आपल्याला पुरेपूर वापरता येतो. मात्र दहापट वर्धनात हाताचा कंपही दहापट दिसतो, म्हणून कोपर टेकवायची सोय हवी. तरुणासाठीचे माप आपल्याला लागू पडेलच असे नाही, हे मला प्रथम याच उपकरणाने शिकवले.

आता आपल्या पाच छंदांविषयी. त्यांतले दोन किंवा फार तर तीन ठेवावेत आणि उरलेले, कोणाला न सांगता, सोडून द्यावेत असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कोणते ठेवावेत हे ठरवण्यासाठी मी महिनाभर एक साधी नोंद केली होती : काम संपल्यावर पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची हे मनात आपोआप घोळत राहते का, की संपल्याचा सुस्काराच तेवढा निघतो? वाद्याच्या बाबतीत मला दर वेळी सुस्काराच निघे, तेव्हा ते देऊन टाकले. भाषा मात्र वर्षभराने आपणहून परत आली, आता तिला ठरावीक वेळ नाही. नकोशा झालेल्या छंदावर खर्च झाला आहे म्हणून तो ओढत राहणे, हा हिशेब विभागात आयुष्य घालवलेल्या माणसालासुद्धा न पटणारा हिशेब आहे.

त्याच महिन्यात दिवसाच्या कोणत्या प्रहरी लक्ष टिकते आणि कोणत्या प्रहरी हात चुकतो हेही टिपून ठेवावे. माझे बारीक काम सकाळी दहा ते साडेबारा या वेळेतच नीट होते. दुपारी शिवायला बसलो की दाभण हमखास बोटात जाते. रात्री आकाश पाहायचे असेल तर दुपारी अर्धा तास झोपतो, त्याहून जास्त झोपलो तर रात्रीची झोप बिघडते. माझे दोन्ही छंद बैठे आहेत, त्यामुळे चालणे मी छंदांत धरत नाही, ते दात घासण्यासारखे वेगळे ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम सुचवते. प्रकृतीची तक्रार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

घरच्यांविषयी आपण काही विचारलेले नाही, तरीही एक वाक्य लिहितो. माझ्या पत्नीचा दिवस माझ्या निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून व्यवस्थित चालू होता, आणि माझ्या वेळापत्रकाचा सर्वाधिक जाच तिला झाला, कारण रिकाम्या तासांत मी तिच्या कामांची तपासणी करू लागलो होतो.

राहिली टोचणी. ती माझी पूर्ण गेलेली नाही. पण निरीक्षणाच्या वहीत एक पद्धत असते की ज्या रात्री तारा दिसला नाही त्या रात्रीपुढे अंदाजाने आकडा भरायचा नसतो, फक्त ‘ढगाळ’ असे लिहायचे. आता एखादा दिवस काहीही न करता गेला, तर मी बांधणीच्या वहीतही तारखेपुढे तोच शब्द लिहितो आणि वही मिटतो.