जुन्या चांदीवरचे ठसे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजेसासूबाईंच्या पेटीत आखूड दांड्याचा, शिंपल्याच्या आकाराचा चांदीचा चमचा मिळाला. मागे पाच बारीक ठसे आहेत : ‘जीयू’, चालता सिंह, जहाजाचा नांगर, सरळ वळणाचं कॅपिटल ‘ई’ आणि एका बाईचा चेहरा. कोणी, कधी घडवला असेल?

उत्तर : चहाच्या डब्यातून पत्ती काढायचा हा इंग्लंडमधला चमचा, म्हणजे कॅडी स्पून. सिंह म्हणजे स्टर्लिंग : हजारात 925 भाग चांदी. नांगर बर्मिंगहॅमच्या, चांदीची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीचा. ती 1773 साली सुरू झाली. ‘जीयू’ हा तिथले कारखानदार जॉर्ज युनाइट यांचा ठसा. अशा छोट्या वस्तूंसाठी त्यांचं नाव होतं.

खरी फसगत होते ती वर्षाच्या अक्षरात, म्हणजे साल कळावं म्हणून दरवर्षी बदलणाऱ्या अक्षरात. बर्मिंगहॅममध्ये याच वळणाचं ‘ई’ 1777, 1853 आणि 1929 अशा तीन वेळा आलं. मधल्या फेऱ्यांत ते लहान लिपीत किंवा गॉथिक वळणाचं होतं. निवाडा करतो तो चेहरा. कर भरल्याची ती खूण डिसेंबर 1784 पासून 1890 पर्यंतच मारली जाई. म्हणजे 1777 आणि 1929 दोन्ही बाद. चेहरा व्हिक्टोरिया राणीचा. अक्षर जुलैत बदलत असे, म्हणून चमचा 1853-54 चा.

एक खातरजमा मात्र कराच. साध्या टीस्पूनचा दांडा कापून, वाटी ठोकून कॅडी स्पून ‘तयार’ केलेले असतात. दहापट भिंगाखाली पाहा : ठसे ताणलेले, लांबट दिसले किंवा दांड्याच्या टोकाशी अर्धवट तुटले असतील तर संशय घ्या. पृष्ठभागावर तोंडाची वाफ सोडली की जुना डाग देऊन केलेला सांधाही वेगळ्या रंगाने उठून दिसतो.

प्रश्न : साखरेच्या चिमट्यावर फक्त सिंह आणि वळणदार ‘एचबी’ आहे. गावाचा ठसा नाही, अक्षर नाही. खोटा समजायचा का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. अठराव्या शतकातल्या चिमट्यांवर गावाचा ठसा आणि अक्षर बहुधा नसतंच. वळणदार ‘एचबी’ हा लंडनच्या हेस्टर बेटमन यांचा ठसा. त्यांनी तो 1761 साली नोंदवला आणि 1790 साली काम थांबवलं. करखूण अजिबात नसेल तर चिमटा बहुधा 1784 च्या आधीचा. राजाचा चेहरा खोल कोरल्यासारखा असेल तर 1784 ते 86 मधला, उठावाचा असेल तर त्यानंतरचा. दोन्ही भुजांच्या आतून पाहा, ठसे तिथेच असतात. कमानीवर आडवी रेघ दिसली तर चिमटा मोडून जोडलेला आहे आणि किंमत बरीच उतरते.

प्रश्न : चहादाणीच्या तळाशी ‘ओएम’ आणि ‘भुज’ असे रोमन लिपीतले ठसे आहेत. साल कसं काढायचं?

उत्तर : ठशावरून निघणार नाही. एकोणिसाव्या शतकात भारतात वर्षाचं अक्षर मारणारी सरकारी कचेरीच नव्हती. ‘ओएम’ म्हणजे कच्छच्या दरबाराचे चांदीकारागीर ऊमरसी मावजी. काम त्याच शतकाच्या उत्तरार्धातलं. भेट दिल्याची तारीख कोरलेली असेल तर तीच आधार. आपल्याकडे भांडी रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासतात, ते इथे बंद करा. त्याने ठशाच्या कडाच आधी झिजतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती फडकं पुरे. नक्षीच्या खाचांतला काळेपणा राहू द्या, उठाव त्यानेच दिसतो.