ताई, ७.४ ला जर्मनी मिळेल का?

गेल्या अंकात जर्मनीतल्या मास्टर्सबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, तर या महिन्यात निम्मी पत्रं त्यावरच आलीत. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार निवडलीत. बाकीच्यांनी आपापलं यातूनच शोधा, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी मिरजेचा. पुणे विद्यापीठातून मेकॅनिकल करतोय, शेवटचं वर्ष. सीजीपीए ७.४. सेकंड इयरला एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) एटीकेटी लागली होती, ती पुढच्या अटेम्प्टला निघाली. मित्र म्हणतात जर्मनीत २.५ च्या आत पाहिजे. आपलं १० पैकी ७.४ आणि त्यांचं २.५, हे गणितच डोक्यावरून जातंय. मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल अधिक इलेक्ट्रॉनिक्स) करायचा विचार आहे. होईल का, आणि आत्ता काय करू?

उत्तर : आधी गणित करू, मग बाकीचं. जर्मनीत मार्कांचं सगळं उलटं असतं, १ म्हणजे टॉपर आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले मार्क त्यांच्यात बदलायला जो फॉर्म्युला वापरतात त्याला मॉडिफाइड बव्हेरियन म्हणतात, नाव मोठं पण काम पाचवीचं आहे. १० मधून तुझे ७.४ गेले, उरले २.६. १० मधून पासिंगचे ४ गेले, उरले ६. २.६ ला ६ ने भाग, ३ ने गुण, त्यात १ मिळव. आले २.३. म्हणजे २.५ च्या आत आहेस, बस निवांत.

पण एवढाही निवांत नको. तिथल्या माणसाने पासिंग ४ ऐवजी ५ धरलं तर तोच हिशोब २.५६ वर जातो आणि तू सहा शतांशाने बाहेर. पासिंग किती हे त्याला कुठून कळणार? मार्कशीटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जो ग्रेडचा तक्ता छापलेला असतो ना, जो आपण जन्मात वाचत नाही, तिथून. मी माझ्या वेळी फक्त पुढची बाजू स्कॅन करून पाठवली होती. मामेबहिणीच्या हळदीत बसले होते, हात पिवळे, आणि फोनवर मेल आला की ग्रेडिंग स्केल जोडलेलं नाही, मुदत उद्या. तशीच उठून कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्या पीडीएफच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा आहे अजून. तर मागची बाजू स्कॅन कर, आणि कॉलेजकडून ग्रेडिंग स्केलचं लेटरहेडवरचं पत्र मिळत असेल तर तेही घेऊन ठेव.

आता खरी गोष्ट, जी मित्र सांगत नाहीत कारण त्यांनाही माहीत नसते. आपल्याकडे ॲडमिशन म्हणजे कटऑफ, एवढंच डोक्यात बसलंय. जर्मन युनिव्हर्सिटी आधी बघते की तू कुठले विषय किती शिकलास. प्रत्येक कोर्सच्या प्रवेशाच्या अटींचं एक पीडीएफ असतं, त्यात सरळ लिहिलेलं असतं की गणिताचे इतके ईसीटीएस, मेकॅनिक्सचे इतके, इलेक्ट्रिकल-कंट्रोलचे इतके. ईसीटीएस म्हणजे त्यांचे क्रेडिट, वर्षाला ६०. तुझी चार वर्षं म्हणजे ढोबळ २४०. समजा तुझ्या डिग्रीचे आपले क्रेडिट १७० आहेत आणि एम-वन, एम-टू, एम-थ्री मिळून १२ होतात, तर त्यांच्या हिशोबाने ते झाले साधारण १७. कोर्सला गणिताचे २० हवे असतील तर ३ कमी पडले, आणि ९ पॉइंटर असता तरी कमीच पडले असते. मग थर्ड इयरचं न्यूमेरिकल अँड स्टॅटिस्टिकल मेथड्स बाहेर काढ, तेही गणितच आहे, पण नुसत्या नावावरून समोरच्याला ते कळेलच असं नाही. म्हणून सिलॅबसमधलं ते पान अर्जाला जोड. मेकॅनिकलवाल्यांचं मेकॅट्रॉनिक्सला घोडं बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सपाशी अडतं, तेव्हा ते आधी बघ. एका रविवारी एक्सेल उघडून बस, डावीकडे त्यांची अट, उजवीकडे तुझा विषय आणि क्रेडिट. ज्या कोर्सला दोन ओळी रिकाम्या राहतील तो यादीतून काढून टाक, भावनिक होऊ नकोस. तुला कदाचित मेकॅट्रॉनिक्सपेक्षा प्रॉडक्शन किंवा कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स जास्त जुळेल.

एटीकेटीची एवढी भीती नको. निघालीये ना, मग झालं. फक्त लपवू नकोस, नापास झालेल्या सेमची मार्कशीटसुद्धा लावायची, सगळ्या म्हणजे सगळ्या.

राहता राहिलं वेळापत्रक, आणि घात इथेच होतो. १ नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट लागतं. तुमची डिग्री खरी आहे हे तपासणारं दिल्लीतलं ऑफिस आहे ते, १८ हजार रुपये फी, कागदं त्यांच्याकडे पाठवायची आणि वाट बघायची. बऱ्याच युनिव्हर्सिट्या अर्जासोबतच ते मागतात. विंटर सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं आणि सगळीकडे १५ जुलै ही तारीख ऐकून पोरं गाफील राहतात, पण आखेन शहरातलं आरडब्ल्यूटीएच विद्यापीठ युरोपबाहेरच्यांसाठी १ मार्चलाच दार लावतं, म्युनिकच्या टीयूएम या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या बऱ्याच कोर्सची मुदत मे अखेरीला संपते. काही ठिकाणी अर्ज थेट त्यांच्या पोर्टलवर, काही ठिकाणी युनि-असिस्ट नावाच्या संस्थेमार्फत. ते पहिल्या अर्जाला ७५ युरो घेतात, त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येकाला ३०, आणि तपासायला काही आठवडे. म्हणजे दिवाळीचा फराळ संपायच्या आत एपीएसची फाइल दिल्लीला गेलेली पाहिजे. आधी ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सेमच्या मार्कांच्या एकत्रित उताऱ्याचा अर्ज कर, विद्यापीठाच्या खिडकीवर किती वेळ जातो हे मी सांगायला नको.

प्रश्न : नमस्कार. मुलीला जर्मनीत एमएसला ॲडमिशन मिळाली आहे, सरकारी युनिव्हर्सिटी आहे. फी नाही असं सगळे म्हणतात, पण ती म्हणते १२ लाख एकदम भरावे लागतील. फी नाही तर हे कशाचे? मिस्टर म्हणतात फसवणूक आहे. — एक आई, नाशिक

उत्तर : फसवणूक नाही हो काकू, आणि आधी मुलीचं अभिनंदन! ते ब्लॉक्ड अकाउंट. पैसे तुमचेच, मुलीच्याच नावावर, फक्त कुलूप लावलेले. वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवायचे आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ तिच्या हातात पडतात, त्यातून खोलीभाडं, किराणा, इन्शुरन्स सगळं. युरो शंभरच्या आसपास धरला तर १२ लाख होतात, तिचा आकडा बरोबर आहे. व्हिसा मिळाला नाही तर पैसे परत मिळतात, ते मिस्टरांना नक्की सांगा. एज्युकेशन लोनमध्ये हे बसवतात अनेक बँका, मॅनेजरला 'ब्लॉक्ड अकाउंट' हा शब्द वापरूनच विचारा, नुसतं फी म्हणालात तर तो फीची पावती मागत बसेल.

फी नाही हे मात्र अर्धंच खरं. प्रत्येक सेमिस्टरला एक वर्गणी असते, बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-ट्रेनचा पास येतो. पण स्टुटगार्ट, कार्ल्सरूह ज्या राज्यात येतात त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्या मुलांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि टीयूएमने २०२४ पासून मास्टर्सला ४ ते ६ हजार सुरू केलीये, तीही सेमिस्टरला. तेव्हा तिचं ऑफर लेटर एकदा नीट वाचा. आणि पार्टटाइम करून खर्च काढेन असं ती म्हणत असेल (सगळेच म्हणतात, मीही म्हटलं होतं) तर नियमाने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिले सहा महिने भाषा येत नाही, परीक्षा असतात, तेव्हा ती कमाई बजेटमध्ये धरू नका.

प्रश्न : पुण्यातल्या एका कन्सल्टंटने प्रोफाइल फुकट बघून दिली आणि बर्लिनमधलं कॉलेज सुचवलं, आयईएलटीएसची पण गरज नाही म्हणे. घेऊ का?

उत्तर : त्याला आधी एक विचार, कॉलेज सरकारी का खासगी? फुकट काम करणाऱ्याचं पोट कुठून भरतं हा साधा प्रश्न आहे. सरकारी युनिव्हर्सिट्या कमिशन देत नाहीत, खासगी देतात, म्हणून तीच आधी सुचवली जातात. सगळीच वाईट असतात असं नाही, पण वर्षाला लाखो रुपये फी भरून जायचं तर डोळे उघडे ठेवून जा. डाड (DAAD) ही जर्मनीची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची संस्था आहे, तिच्या साइटवर कोर्सची यादी फुकट आहे, इंग्रजी कोर्स, शहर, फी सगळं लावून शोधता येतं. दोन संध्याकाळी घालव.

प्रश्न : मोटिव्हेशन लेटर (हाच कोर्स का हवाय हे सांगणारं अर्जासोबतचं पत्र) एआयकडून लिहून घेतलं तर चालतं का? माझं इंग्लिश जेमतेम आहे.

उत्तर : व्याकरण तपासून घे, पण लिहून घेऊ नको. काही ठिकाणी तर मीच लिहिलंय अशी सही घेतात. तू सोबत पाठवलेलं लेटर वाचलं मी, पहिली ओळ 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं'. अरे, या महिन्यात मला आलेल्या तिन्ही मोटिव्हेशन लेटरांत हेच आहे, तिघांनी लहानपणी स्क्रू ड्रायव्हरने रेडिओ उघडलाय! आणि तिसऱ्या पॅरात कुठेतरी एका ओळीत उरकलंयस की बाहाच्या (कॉलेजच्या पोरांनी गाडी बनवायच्या स्पर्धेच्या) गाडीचा स्टिअरिंग नकल, म्हणजे चाक धरून वळवणारा भाग, टेस्टिंगला दोनदा तुटला. ते वर आण ना. कुठे तुटला, पहिल्यांदा कशामुळे तुटला असं वाटलं, दुसऱ्यांदा फिलेटची (कोपऱ्यातल्या गोलाईची) रेडियस का वाढवली, सिम्युलेशनमध्ये लोड कुठला धरायचा राहिला होता. हे तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येणार? मग त्यावरून सरळ सांग की त्यांच्या कोर्समधला फटीगचा (वारंवार ताण पडून धातू तुटण्याचा) किंवा स्ट्रक्चरल डायनॅमिक्सचा विषय तुला का हवाय, विषयाचं नाव त्यांच्या पीडीएफमध्ये आहे तसंच लिही. एक पान, फार तर दीड. वाक्यं छोटी असली तर जेमतेम इंग्लिश अजिबात दिसत नाही. आणि शेवटी युनिव्हर्सिटीचं नाव बदलायला विसरू नको, तुझ्या ड्रेस्डेनच्या पत्रात खाली अजून आखेनच आहे.