ॲफिडेव्हिट लिहायला बसण्याआधी

तुझा मेसेज वाचला. गॅस शोधणाऱ्या कंपनीविरुद्ध पर्यावरणाच्या मुद्द्यावर स्टे, म्हणजे काम थांबवणारा मनाई हुकूम, कसा मिळवायचा असं विचारलंस आणि सोबत कलमांची भली मोठी यादी जोडलीस. यादी चांगलीये, पण सध्या ती बाजूला ठेव, कारण मनाई हुकूम कलमांपेक्षा ॲफिडेव्हिटवर, म्हणजे शपथेवर दिलेल्या लेखी जबाबावर, जास्त मिळतो, आणि हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

दक्षिण आफ्रिकेतली वाइल्ड कोस्ट या किनाऱ्याची केस काढून वाच. 2021 च्या शेवटी शेल या तेल कंपनीच्या सर्व्हेसाठी ॲमेझॉन वॉरियर नावाचं जहाज तिथे आलं. सिस्मिक सर्व्हे म्हणजे जहाजामागे एअर गन ओढत न्यायच्या आणि दर 10-20 सेकंदांनी दाबलेल्या हवेचा बार पाण्यात सोडायचा, रात्रंदिवस, कित्येक आठवडे, आणि तळाखालून परत येणाऱ्या लहरींवरून तेल-गॅस कुठे असेल त्याचा अंदाज घ्यायचा. पहिला तातडीचा अर्ज 3 डिसेंबरला फेटाळला गेला, कारण भरून न येणारं नुकसान होईल ही भीती पुराव्यावर उभी राहिली नाही. आणि 28 डिसेंबरला दुसऱ्या अर्जावर त्याच हायकोर्टाने तेच जहाज थांबवलं! समुद्र तोच, कायदा तोच, बदलले ते कागद. या वेळी तज्ज्ञांची ॲफिडेव्हिट भक्कम होती आणि किनाऱ्यावरचे मासेमार स्वतः बोलले, आमचं घर या पाण्यावर चालतं, आमचे पूर्वज या समुद्रात आहेत, आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही. नोटिसा छापल्या होत्या इंग्रजी आणि आफ्रिकान्समध्ये, लोक बोलतात इसिकोसा. कंपनीचं म्हणणं, राजे-प्रमुखांशी बोललो होतो, पण कोर्टाने ते लोकांशी बोलणं मानलं नाही. माझ्या मते केस इथेच फिरली.

आता याच्या उलटी केस. ऑस्ट्रेलियात सँटोस या गॅस कंपनीच्या बारोसा पाइपलाइनविरुद्ध टिवी बेटांवरच्या काही लोकांनी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अंतरिम मनाई मिळवली, मुद्दा तोच, समुद्रातली श्रद्धास्थानं. पण 2024 च्या जानेवारीत फेडरल कोर्टाने ती उठवली. का, तर त्या श्रद्धास्थानांचा सांस्कृतिक नकाशा तयार करताना लोकांच्या तोंडी शब्द घातले गेले असं न्यायाधीशांना दिसलं, आणि मग त्या पुराव्यावरचा विश्वासच उडाला. नंतर लोकांची बाजू मांडणाऱ्या संस्थेवर खर्चापोटी सुमारे 90 लाख डॉलर भरायची वेळ आली. मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की त्या बेटांवर खऱ्या श्रद्धेने बोलणारी माणसंही होती, आणि त्यांच्या बोलण्यावरही आता संशयाची सावली पडली.

म्हणून सांगतो, अशिलाचं वाक्य सुधारू नकोस. सुरुवातीला एका मासेमाराच्या ॲफिडेव्हिटमध्ये मी 'सागरी परिसंस्थेचा ऱ्हास' असं लिहून ठेवलं होतं, उलटतपासणीत त्याला विचारलं याचा अर्थ काय, तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. तो मला म्हणाला होता, 'आवाज झाला की मासा खाली बसतो.' तेच लिहायला हवं होतं, शास्त्र तज्ज्ञाने सांगितलं असतं.

कंपनीकडून आकडे येणारच, जहाज एक दिवस उभं राहिलं तर किती नुकसान वगैरे, बॅलन्स ऑफ कन्व्हिनियन्सला, म्हणजे स्टे दिल्याने किंवा न दिल्याने कुणाचं नुकसान जास्त या तुलनेला, ते जोर लावतात. त्यासमोर तुझं नुकसान मोघम नको. कुठला जीव, कुठल्या महिन्यात तिथे असतो, आवाजाने त्याचं काय होतं, असं नेमकं हवं, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असंच लिही, तज्ज्ञाला ओढूनताणून बोलायला लावू नकोस.

आणि स्टे मिळाला म्हणजे केस संपली असं अशिलांना चुकूनही सांगू नकोस. वाइल्ड कोस्टला 2022 च्या सप्टेंबरमध्ये शोधाचा परवानाच रद्द झाला, पण 2024 मध्ये अपील कोर्टाने तो बेकायदा ठरवूनही रद्द करण्याचा आदेश स्थगित ठेवला आणि नूतनीकरणाच्या अर्जाचा रस्ता उघडा ठेवला. लोकांना हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांग, नंतर सांगितलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

लोकांना भेटायला जाशील तेव्हा लॅपटॉप नेऊ नकोस, वही ने. ते बोलतील त्याच शब्दांत उतरवून घे आणि आल्यावर ती पानं पाठव, ड्राफ्ट नंतर बघू.