‘टच अँड गो’ म्हणजे जिवावरचे दुखणे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. गेल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, तेव्हा भावजयीने फोनवर सांगितले, की डॉक्टरांच्या मते पहिले दोन दिवस ‘टच अँड गो’ होते. आजार नुसता शिवून गेला, असे समजून आम्ही निर्धास्त झालो आणि आईलाही तसेच सांगितले. खरा प्रकार महिन्याने कळला. असे वाक्प्रचार ओळखायचे कसे?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपण लावलेला अर्थ शब्दांना धरूनच होता, त्यामुळे स्वतःला मुळीच दोष देऊ नका. ‘इट वॉज टच अँड गो’ असे कोणी म्हणाले, की जगतो की जातो अशी अवस्था होती, थोडक्यात निभावले, असे समजावे. हा शब्दप्रयोग खलाशांच्या बोलीतही होता. उथळ पाण्यातून जाताना गलबताचा तळ जमिनीला घासतो, पण ते रुतून न बसता पुढे सरकते. स्पर्श असा निसटताच, पण तेवढ्या वेळात गलबतावरच्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागलेला असतो.

इंग्रजी ही दर्यावर्दी लोकांची भाषा आहे आणि तिचे कितीतरी वाक्प्रचार जहाजावर घडले आहेत, हे लक्षात ठेवले तर पुष्कळ गाठी सुटतात. झिंगलेल्या माणसाला ‘थ्री शीट्स टु द विंड’ म्हणतात. यातले ‘शीट’ म्हणजे चादर नव्हे आणि शीडही नव्हे, तर शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले, की शिडे फडफडू लागतात आणि जहाज भेलकांडते. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे ‘एकंदरीत पाहता’. वारा समोरच्या अंगाने असो की मागून, दोन्ही वेळा जहाज कसे चालते, यावरून तो आला. ‘टु द बिटर एंड’ याचा अर्थ कितीही त्रास झाला तरी अखेरपर्यंत. नांगराचा दोर ज्या खुंटांना गुंडाळतात त्यांना ‘बिट्स’ म्हणतात, आणि जहाजावर राहणाऱ्या त्या दोराच्या टोकाला हे नाव असल्याचे कॅप्टन जॉन स्मिथ यांनी १६२७ साली नोंदवले आहे. आजच्या बोलण्यात मात्र त्यात कडवटपणाही मिसळला आहे.

एक वाक्प्रचार तर अगदी आपल्या घरचा वाटावा असा आहे. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा झाला, तेव्हा ब्रिटिश आरमारी सेनानी नेल्सनने आपल्या अधू डोळ्याला दुर्बीण लावली आणि आपल्याला इशारा दिसत नाही असे सांगितले, अशी कथा आहे. त्याचा उजवा डोळा १७९४ मध्येच निकामी झाला होता. ‘टर्न अ ब्लाइंड आय’, म्हणजे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे, हा शब्दप्रयोग त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला. आपला ‘कानाडोळा’ मुळात ‘काणाडोळा’. काणा म्हणजे एका डोळ्याने आंधळा. इतका तंतोतंत मेळ क्वचितच बसतो, आणि म्हणूनच शब्दाला शब्द लावण्याचा मोह होतो.

तेव्हा फोनवर असे काही कानावर आले, तर ‘म्हणजे मराठीत काय?’ असे लगेच विचारावे. भावजयीच्या कानाला ते शब्द रोजचे झालेले असतात. आपण विचारले नाही, तर बातमी आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही, हे तिला कळायला मार्ग नसतो.